रॅम बसली नाही, स्लॉट तुटला आणि दुकानदार म्हणतो माल परत नाही

घणसोलीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. लॅपटॉप रडतखडत चालतो म्हणून त्यांनी ठाण्यातल्या एका दुकानातून ४,८०० रुपयांना १६ जीबी रॅम घेतली. आधी व्हॉट्सॲपवर मॉडेल नंबर पाठवला होता, त्यावर उत्तर आलं, "बसेल सर, बिनधास्त घ्या." घरी बसवताना ती बसेना, जोर लावला तर स्लॉटच तुटला. आता दुकानदार बिलावरची ओळ दाखवतो, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही", आणि सर्व्हिस सेंटर मदरबोर्डचे १८ हजार सांगतंय. केस करू का?

तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून बघितले. रॅमच्या स्टिकरवर पीसी५ छापलंय, म्हणजे ती डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) आहे, आणि तुमच्या लॅपटॉपला लागते डीडीआर४, तिच्यावर पीसी४ असतं. पट्ट्या लांबून सारख्याच दिसतात पण डीडीआर४ ला २६० पिना, डीडीआर५ ला २६२, आणि मधली खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवलेली असते, चुकीची रॅम आत जाऊच नये म्हणून. ती बसत नव्हती तिथेच थांबायला हवं होतं हो. जोर लावलात तिथे आपली बाजू लंगडी पडते, हे आधीच सांगून टाकतो.

रॅमच्या पैशांचं मात्र तसं नाही. दुकानदार म्हणेल रॅम चांगलीय, दुसऱ्या लॅपटॉपला लावून दाखवतो, आणि ते खरंही असेल. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये "दोष" म्हणजे नुसती बिघडलेली वस्तू नाही, विक्रेत्याने जे सांगितलं त्यात वस्तू कमी पडली तर तोही दोषच. शिवाय माल विक्री अधिनियम १९३० चं कलम १६ आहे, गिऱ्हाइकाने कशासाठी हवंय ते सांगितलं आणि विक्रेत्याच्या माहितीवर भरवसा ठेवून घेतलं तर माल त्या कामाला चालला पाहिजे. तुम्ही मॉडेल नंबर दिलात, तो "बसेल" म्हणाला, संपलं. बिलावरच्या त्या छापील ओळीला घाबरू नका, तिने हा हक्क मरत नाही.

म्हणून त्या चॅटला जपा. फोन बदलायचा विचार असेल तर महिनाभर थांबा, नुसत्या स्क्रीनशॉटवर समोरचा वकील शंका काढतो. यूपीआयची एन्ट्री, स्टिकरचा फोटो, बिल, सगळं एका जागी ठेवा.

आधी दुकानदाराला साध्या मराठीत लेखी नोटीस द्या, १५ दिवसांची, स्पीड पोस्टाने. पैसे परत करा नाहीतर बरोबर डीडीआर४ द्या एवढंच मागा. माझा अनुभव असा की निम्मे लोक इथेच बदलून देतात. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला फोन, आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार. एवढ्या रकमेला फी लागत नाही, वकीलही नको (माझं नुकसान, पण खरंय ते), मुदत दोन वर्षं. दुकान कुठेही असो, तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार चालते, घणसोली ठाणे जिल्ह्यात येते. खारघरला असता तर रायगडच्या आयोगातही चालली असती.

१८ हजारांचं काय? तक्रारीत लिहा, पण त्यावर अडून बसू नका, पूर्ण मिळतील असं मला वाटत नाही. आणि लॅपटॉप कंपनीला त्यात ओढू नका, तिचा काहीच दोष नाही. त्याआधी चिप लेव्हल रिपेअरवाल्याला (मदरबोर्डवरचे सुटे भाग बदलणाऱ्याला) दाखवा, नुसता स्लॉट बदलून होत असेल तर खर्च बराच खाली येईल, आणि त्याच्याकडून लेखी एस्टिमेट घ्या, आयोगापुढे तेच मागायला सोपं. जुनी रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये चालू आहे म्हणालात ना, मग घाई कसलीच नाही.

आणि एक, रॅम परत द्यायला गेलात तर तशीच देऊन येऊ नका, "मिळाली" म्हणून तारखेसकट सही घ्या.