अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींची ऊर्जा संपते म्हणजे काय होतं? क्यू टेनच्या गोळ्या द्याव्यात का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. कागलला असलेल्या तुमच्या आईला अल्झायमर असल्याचं निदान झालंय. डॉक्टर म्हणाले की मेंदूच्या पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे बारीक घटक, नीट काम करत नाहीत आणि पेशी मरतात. मग ओळखीच्या दुकानदाराने सुचवलेल्या कोएन्झाइम क्यू टेनच्या गोळ्या द्याव्यात का? मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात, तर तुम्हालाही हा आजार होणार का? आणि पेशी मरताना आईला दुखत असेल का?

मी इथे कोल्हापुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि आमच्या घरात आत्याला हाच आजार आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण पेशीचं काम रोज शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते.

गोळ्यांचं आधी सांगते, कारण पैसे आजउद्याच जाणार आहेत. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. का, ते पेशीत काय चाललंय हे कळलं की पटेल.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण बसल्या जागी जेवढी ऊर्जा खर्च करतो त्यातली २० टक्के एकटा मेंदू घेतो. त्यातला मोठा वाटा पेशीच्या आत-बाहेरचं सोडियम-पोटॅशियमचं प्रमाण जागेवर ठेवण्यात आणि एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवण्यात जातो. मेंदूच्या पेशीकडे साठा जवळपास नसतोच. ग्लुकोज आणि ऑक्सिजन क्षणोक्षणी लागतो, आणि त्यातून ऊर्जा काढण्याचं मुख्य काम मायटोकॉन्ड्रियांचं.

आमच्या प्रात्यक्षिकात मुलं टूथपिकने गाल आतून हलकेच खरवडतात, काचपट्टीवर जेनस ग्रीन बी नावाच्या रंगाचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. थोड्या वेळाने पेशीत बारीक निळे-हिरवे ठिपके उठून दिसतात आणि बाकीची पेशी फिकी पडते. ते ठिपके म्हणजे जिवंत मायटोकॉन्ड्रिया. रंग तिथेच टिकतो, कारण तिथलं सायटोक्रोम ऑक्सिडेज हे एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) त्याला टिकवून धरतं. आपण श्वासातून घेतलेला बहुतेक ऑक्सिजन शेवटी वापरला जातो तोही याच एन्झाइमपाशी. अल्झायमरने गेलेल्या लोकांच्या मेंदूत हेच एन्झाइम मंदावलेलं आढळलं, आणि १९९० च्या दशकापासून अनेक प्रयोगशाळांनी ते नोंदवलंय. पेट स्कॅन या प्रतिमा-तपासणीतही मेंदूच्या ठरावीक भागांत ग्लुकोजचा वापर घटलेला दिसतो, कित्येकदा विसरभोळेपणा ठळक व्हायच्या आधीच. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे.

वाद आहे तो आधी काय बिघडतं यावर. १९९२ साली हार्डी आणि हिगिन्स या संशोधकांनी मांडलं की अमायलॉइड-बीटा हे प्रथिन साचणं हे मूळ, बाकी सगळं त्यामागून येतं. २००४ साली स्वर्डलो आणि खान यांनी उलट बाजू मांडली: वयोमानाने मायटोकॉन्ड्रिया थकतात, तिथून सुरुवात होते, निदान म्हातारपणी होणाऱ्या अल्झायमरमध्ये तरी. अमायलॉइड मायटोकॉन्ड्रियात शिरून तिचं काम बिघडवतं आणि ऊर्जा कमी पडली की अमायलॉइड तयार होण्याचं प्रमाण बदलतं, या दोन्ही गोष्टी प्रयोगांत दिसल्यात. मला यात दुष्टचक्रच दिसतं. एकच आरोपी शोधण्याच्या नादात बरीच वर्षं गेली असं मला वाटतं.

दुसरं प्रथिन टाऊ. चेतापेशीला लांबच लांब शेपूट असते, तिला अक्षतंतू म्हणतात. मायटोकॉन्ड्रिया पेशीच्या मुख्य भागातून या अक्षतंतूच्या टोकापर्यंत सूक्ष्मनलिकांवरून नेल्या जातात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या शेतातून कारखान्याकडे जातात ना, तसंच. टाऊचं काम हा रस्ता पक्का ठेवणं. अल्झायमरमध्ये टाऊ रस्त्यावरून सुटतं, त्याच्या गुंतवळ्या होतात, रस्ता खचतो, आणि टोकाला असलेल्या, पुढच्या पेशीशी जोडणाऱ्या सांध्यांना ऊर्जा पोचत नाही. खराब झालेल्या मायटोकॉन्ड्रिया मोडीत काढायची पेशीची स्वतःची सोय असते, तीही मंदावते.

आता मरण्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात तीच भीती जास्त दिसली. मायटोकॉन्ड्रियाचं आवरण फुटलं की आतलं सायटोक्रोम सी बाहेर येतं, त्यातून कॅस्पेज नावाची एन्झाइम जागी होतात आणि पेशी स्वतःच स्वतःला संपवते. पण अल्झायमरमध्ये हे आज बिघाड आणि उद्या मृत्यू असं होत नाही. आधी पेशी-पेशींमधले सांधे गळतात, आणि स्मृती जाण्याशी सगळ्यात घट्ट संबंध या सांधे गळण्याचाच आहे. कितीतरी पेशी दीर्घकाळ अर्धपोटी जगत असतात.

घरात वावरताना हे लक्षात ठेवा, कारण अर्धपोटी पेशीला वरचा ताण सोसत नाही. गेल्या पावसाळ्यात आत्या एक-दोन दिवसांत एकदम ढासळली. मला ओळखेना, रात्रभर दाराची कडी चाचपत उभी, "वाड्यावर जायचंय, सोड मला." घरच्यांना वाटलं आजार पुढे सरकला. लघवी तपासली तर जंतुसंसर्ग निघाला. औषधांचा कोर्स संपला तशी हळूहळू सावरली आणि माझ्या मुलाला परत विचारू लागली, "काय रं बाळा, जेवलास का?" अशी अचानक घसरण झाली तर ती आजाराच्या खात्यावर टाकू नका. ताप, लघवी, पाणी कमी पिणं, बद्धकोष्ठता, झोपेची नवी गोळी, हे आधी तपासून घ्या. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या, बी-१२ ची कमतरता आणि थायरॉइडचा बिघाड या दोन्हींनी विसरभोळेपणा वाढतो आणि दोन्हींवर उपाय आहेत.

आता क्यू टेन. मायटोकॉन्ड्रियात ते असतंच, म्हणून वरून दिलं की फायदा होईल असं वाटणं साहजिक आहे. पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्झायमरच्या रुग्णांना ते देऊन पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, तर अमायलॉइड आणि टाऊच्या प्रमाणात काही फरक पडला नव्हता. याहून मोठा धडा लॅट्रेपिर्डिनचा. हे रशियातलं जुनं अ‍ॅलर्जीचं औषध, मायटोकॉन्ड्रियाचं रक्षण करतं असं म्हटलं जायचं. २००८ साली त्याचे निकाल इतके चांगले आले की जगभर आशा लागली. २०१० साली मोठी चाचणी झाली आणि ते बिनऔषधी गोळीहून जराही सरस ठरलं नाही. शिवाय आई रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन घेत असेल तर क्यू टेनमुळे तिचा परिणाम कमी होऊ शकतो. डोनेपेझिल, मेमँटिन ही अल्झायमरवर दिली जाणारी औषधं पेशी वाचवत नाहीत, पण काही काळ रोजचं जगणं सोपं करतात. डॉक्टरांनी दिली असतील तर चालू ठेवा. क्यू टेनचे पैसे दिवसा दोन तास सोबतीला येणाऱ्या बाईंना द्या, आईला आणि तुम्हाला दोघांनाही त्याचा जास्त उपयोग होईल.

तुम्हाला होणार का? मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए आईकडून येतो हे खरं, पण त्यात फक्त १३ प्रथिनांची कृती असते. मायटोकॉन्ड्रियाला लागणारी बाकीची हजाराहून जास्त प्रथिनं पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात, आणि ती जनुकं वडिलांकडूनही येतात. धोका वाढवणारं एपीओई-४ हे जनुक दोघांपैकी कुणाकडूनही येऊ शकतं, आणि ते असूनही आजार न झालेले लोक भरपूर आहेत. २००७ च्या एका अभ्यासात आईला अल्झायमर असलेल्या, स्वतः धडधाकट असलेल्या प्रौढ मुला-मुलींच्या मेंदूत ग्लुकोजचा वापर थोडा कमी दिसला होता, पण त्यावरून कुणाला आजार होईल हे सांगता येत नाही. ऐन चाळिशी-पन्नाशीत घरातल्या अनेकांना झाला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जनुकतज्ज्ञांना भेटा. नाहीतर रक्तदाब, साखर, ऐकू येणं आणि रोजचं चालणं सांभाळा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालानुसार डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची, ज्यात अल्झायमरही येतो) सुमारे ४५ टक्के प्रकरणं अशा बदलता येण्यासारख्या १४ कारणांशी जोडलेली आहेत.

आणि दुखतं का? नाही. मेंदूच्या ऊतींत वेदना ओळखणारे चेतातंतूच नसतात, त्यामुळे पेशी मरताना आईला वेदना होत नाहीत. पण दात, गुडघा, पोट दुखत असेल आणि सांगता येत नसेल, तर तो त्रास खरा असतो. जेवताना एकाच बाजूने चावते का, बसवताना कपाळाला आठ्या पडतात का, अंघोळीला हात लावला की अंग चोरते का, एवढं रोज बघा. यातलं काही दिसलं तर पुढच्या भेटीत विसरण्याच्या तक्रारीआधी हे डॉक्टरांना सांगा.