उन्हाळ्यासाठी लिननचा शॉर्ट्स सूट घरी शिवता येईल का? कापड किती लागेल आणि अस्तर घालावं का?

तुमचा प्रश्न असा: कुर्ता आणि साधी पॅन्ट शिवता येते, छाती ३६, उंची पाच फूट तीन इंच. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये घालायला लिननचा ब्लेझर आणि त्याच कापडाची शॉर्ट्स शिवायची आहे, पण ती घरात घालायच्या बर्म्युड्यासारखी दिसायला नको.

शिवता येईल. फक्त सगळा जीव ब्लेझरमध्ये ओतून शॉर्ट्स एका दुपारी उरकू नका, कारण हा सूट बिघडतो तो शॉर्ट्समध्येच. लिननचा ब्लेझर थोडा सैल बसला तरी शोभतो. शॉर्ट्सचं आसन (कंबरेपासून दोन्ही पाय जुळतात तिथपर्यंतचा भाग) चुकलं किंवा खालची दुमड हलकी पडली, तर वर कितीही सुबक कॉलर असली तरी सूट वाटत नाही.

आधी कापड. शर्टाचं लिनन घेऊ नका. लिननच्या धाग्याची जाडी ‘ली’मध्ये सांगतात, आकडा मोठा तितका धागा बारीक. ६० ली शर्टाला उत्तम, पण त्याची शॉर्ट्स दोनदा बसलं-उठलं की चोळामोळा होते. सूटला ४० ली किंवा त्याहून जाड, चौरस मीटरला १८० ते २२० ग्रॅम वजनाचं कापड हवं. मेन रोडला किंवा शालीमारला बघताना दुकानदाराला वजन सांगता आलं नाही, तर कापडाचं टोक मुठीत आवळून सोडा. सुरकुत्या पडणारच, त्या रुंद आणि मऊ असतील तर घ्या, कागदासारख्या बारीक, धारदार पडल्या तर ठेवून द्या. ५८ इंच पन्ह्यात ब्लेझरला साधारण दोन मीटर आणि शॉर्ट्सला पाऊण मीटर लागतं, म्हणून तीन मीटर घ्या. ३६ इंच पन्ह्याचं हातमागाचं कापड असेल तर पाच मीटर धरा.

बेतण्याआधी कापड दोन-तीन तास पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा आणि किंचित दमट असताना उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. लिनन पहिल्या पाण्यात शेकडा ३ ते ५ आटतं, म्हणजे तीन मीटरला साडेतीन ते सहा इंच. हे टाळलं तर पहिल्याच धुण्यात लेपलवर, म्हणजे कॉलरखालच्या दुमडलेल्या भागावर, फोड येतात, कारण आत इस्त्रीने चिकटवलेलं ताठ कापड (पेस्टिंग) आटत नाही आणि वरचं कापड आटतं.

पूर्ण अस्तर मी सुचवणार नाही. पॉलिस्टरचं अस्तर घातलं की घाम आत कोंडतो, मग लिननवर खर्च कशाला? पाठीच्या वरच्या भागाला मलमल आणि बाह्यांना व्हिस्कोसचं अस्तर पुरे. बाहीत सुती अस्तर घातलं तर हात अडकतो, तिथे गुळगुळीत कापडच लागतं. बाकी शिलाईच्या कडा मलमलीच्या उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीने बांधून घ्या. सव्वा इंची पट्ट्या काढल्या तर अर्धा मीटर मलमल पुरून उरते.

आता शॉर्ट्स. स्टुलावर ताठ बसा, बाजूने कंबरेपासून स्टुलापर्यंत माप घ्या आणि त्यात पाऊण इंच मिळवा. हे तुमचं आसन. लांबी गुडघ्याच्या दीड ते दोन इंच वर ठेवा. मांडीचा घेर त्याच उंचीवर मोजून त्यात चार इंच सैल धरा, आणि हे माप बसून घ्या, कारण बसल्यावर मांडी पसरते. पुढे प्रत्येक पायावर एक इंचाची एक चुणी ठेवली तर बसताना पोटावर ताण येत नाही.

तुमच्याकडच्या पॅन्टचा पॅटर्न नुसता गुडघ्यावर कापू नका. शॉर्ट्सच्या आतल्या शिलाईची लांबी कमी आणि उतार जास्त असतो. त्यामुळे मागची शिलाई पुढचीपेक्षा लांब निघते आणि खालच्या कडेला मांड्यांच्या मधे टोक येतं. मागच्या आसनाचं टोक (जिथे आसनाची शिलाई आणि पायाची आतली शिलाई मिळते) अर्धा ते पाऊण इंच खाली उतरवा, मग कागदावर दोन्ही आतल्या शिलाया जुळवून बघा: खालची रेघ सलग गेली पाहिजे.

दुमड दोन इंचांची हवी. तिच्या वजनाने पाय सरळ पडतो आणि मधली घडी टिकते. अर्धा इंच दुमडून मशीन मारली की बर्म्युडा तयार. पाय खाली निमुळता होत असेल तर दुमडीसाठी सोडलेलं कापड उलट बाहेर पसरत कापा, नाहीतर वर दुमडल्यावर ते कमी पडतं आणि कड ओढली जाते. दुमड हातशिलाईने, टाका दिसणार नाही अशी घाला.

पहिली कच्ची शॉर्ट्स मांजरपाटाची शिवा. ती घालून खुर्चीत बसा, जिना चढा, दुचाकीवर बसा. पुढे आसनातून मांडीकडे आडव्या रेघा ओढल्या गेल्या तर पुढचं टोक पाव इंच वाढवा. चालताना कापड मांड्यांच्या मधे वर चढत असेल तर मागचं टोक आखूड आहे किंवा घेर कमी आहे. मागे सीटखाली कापड लोंबत असेल तर मागची उंची जास्त झाली आहे.

खऱ्या कापडावर १४ नंबरची सुई आणि इंचाला १० टाके ठेवा. आसनाला पॉलिस्टर दोरा वापरा आणि खालच्या गोलाईवर पहिल्या शिलाईपासून एक सूत (इंचाचा आठवा भाग) कापडाच्या कडेकडे दुसरी शिलाई मारा. त्या गोलाईची माया (शिलाईबाहेर उरलेलं कापड) पाऊण सेंटिमीटर ठेवून कापा आणि ती उघडून दाबू नका, उभीच राहू द्या. क्रॉस पॉकेटचं तोंड तिरकं असल्याने ताणतं आणि खिसा आ वासतो, म्हणून तिथे कापडाच्या काठाची बारीक पट्टी आतून शिवा. पांढऱ्या किंवा क्रीम लिननला खिशाची पिशवी त्वचेच्या रंगाची घ्या. पांढरी पिशवी बाहेरून दिसते, ही दिसत नाही. पुढची घडी तुकडे जोडण्याआधीच इस्त्रीने पाडा.

ब्लेझर तुलनेने सोपा. छातीला चार इंच सैल, खांद्याला पॅड नको, समोर, लेपल आणि कॉलरला हलकं विणलेलं पेस्टिंग. इस्त्री फिरवू नका, दाबून धरा आणि थंड होईपर्यंत तुकडा हलवू नका. लोकर वाफेने आकसते तसं लिनन आकसत नाही, म्हणून बाहीच्या गोलाईत पाऊण ते एक इंचच सैल ठेवा. जास्त ठेवलं तर मुंढ्यावर चुण्या पडतात. लांबी २४-२५ इंच. ब्लेझरखाली शॉर्ट्स किमान आठ इंच दिसली पाहिजे, नाहीतर खाली काही घातलंच नाही असं वाटतं. काज बाजारातून करून घ्या, घरच्या मशीनवर जाड लिननला ते उसवतात.

रंगात करडा टाळा, घामाचा डाग त्यावर सगळ्यात आधी उठतो. क्रीम किंवा गडद निळा घ्या. आत साधा बिनबाह्यांचा सुती टॉप, पायात लोफर किंवा कोल्हापुरी. अंबड-सातपूरला कारखान्यात मशीनजवळ जाणार असाल तर मात्र हा पोशाख नको, उघडे पाय तिथे धोक्याचे. आणि जमलं तर त्याच ताग्यातून सव्वा मीटर जास्त घेऊन ठेवा. त्यात पूर्ण पॅन्ट होते आणि पंचवटीत दर्शनाला किंवा घरच्या कार्याला तोच ब्लेझर चालतो. फक्त हे जादा कापडही बाकीच्यासोबत एकाच वेळी भिजवा, वेगळं धुतलं तर रंगात फरक दिसतो.