मी तर फक्त मिटिंगा लावते, मला कसला आलाय स्ट्रेस?

"डॉक्टर-नर्स जीव धोक्यात घालत होते आणि मी घरात बसून मिटिंगा लावत होते, मग मला कसलं टेन्शन?" कोविडच्या दिवसांत हे वाक्य मी बँकेतल्या, शाळेच्या ऑफिसातल्या, पालिकेतल्या कितीतरी लोकांकडून ऐकलं आणि अजूनही ऐकते, म्हणजे त्या काळाचा विषय निघाला की छातीत धडधडतं पण बोलायची लाज वाटते, कारण खरं भोगलं ते दुसऱ्यांनी असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. यावर नुसतं उत्तर देण्यापेक्षा माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका बाईंची केस सांगते. त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

बाई मूळ नाशिकच्या आणि इंग्लंडमधल्या एका कौन्सिलमध्ये डेमोक्रॅटिक सर्व्हिसेस ऑफिसर. आपल्याकडे महापालिकेत नगरसचिव खातं असतं ना, साधारण तसंच काम. अजेंडा काढायचा, तो सभेच्या आधी पूर्ण पाच दिवस लोकांना बघायला मिळाला पाहिजे, मिनिट्स म्हणजे सभेचं इतिवृत्त घ्यायचं, कुठल्या मेंबरचा (निवडून आलेल्या नगरसेवकाचा) कशात हितसंबंध आहे ते नोंदवायचं, नियमात काय बसतं ते चेअरला म्हणजे सभेच्या अध्यक्षांना हळूच सांगायचं. आणि कुठल्याही पक्षाचा माणूस काहीही बोलला तरी चेहऱ्यावरची रेष हलू द्यायची नाही. हे शेवटचं सगळ्यात जड असतं आणि त्याचा पगारात कुठेच हिशोब नसतो, असं माझं मत.

२३ मार्च २०२० ला तिकडे लॉकडाऊन लागला. त्यांच्या स्थानिक संस्थांच्या १९७२ च्या कायद्यात सभा म्हणजे प्रत्यक्ष हजेरी, आणि कौन्सिलने मंजुरी दिलेली नसेल आणि मेंबर सहा महिने एकाही सभेला आला नाही तर त्याची सीटच जाते. ४ एप्रिलपासून ऑनलाइन सभांना परवानगी देणारे नियम लागू झाले, तेही ७ मे २०२१ पर्यंतच. म्हणजे काही दिवसांत अख्खं कामकाज झूमवर न्यायचं, ते पण डायनिंग टेबलवरून, शेजारी मुलाची ऑनलाइन शाळा, आणि वीस-वीस वर्षं निवडून येणारे मेंबर सभा चालू असताना मोबाइलवर फोन करून विचारणार की माझा आवाज का जात नाहीये. गुरुवारी सभा असली की आठ वाजता सगळे दारात जाऊन हेल्थ वर्कर्ससाठी टाळ्या वाजवून यायचे आणि मग पुढचा विषय.

माझ्याकडे आल्या त्या २०२१ च्या फेब्रुवारीत, झोप उडाली म्हणून. कारण काय, तर चाळीस सेकंदांची एक क्लिप. सभेत एक मेंबर थांबायलाच तयार नव्हते, चेअर म्हणाले म्यूट करा, यांनी केलं. दुसऱ्या दिवशी त्या मेंबरचा मेल, दहा जणांना कॉपी, की एका कर्मचाऱ्याने निवडून आलेल्या माणसाचा आवाज दाबला. सभेचा व्हिडिओ यूट्यूबवर होताच, तेव्हापासून रात्री मुलगा झोपला की त्या तोच तुकडा पुन्हा पुन्हा बघायच्या, आपण उद्धट वाटलो का ते शोधायला. आणि नेमकं त्याच सुमारास हँडफर्थ पॅरिश कौन्सिलची, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या छोट्या कौन्सिलची, डिसेंबरमधली झूम मिटिंग व्हायरल झाली, तीच ज्यात मिटिंगचं कामकाज सांभाळणाऱ्या जॅकी वीव्हरनी अध्यक्षांनाच मिटिंगमधून बाहेर काढलं आणि तुम्हाला अधिकारच नाही म्हणून आरडाओरडा झाला. सगळं जग हसत होतं. यांना सगळ्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला, "बघ, ही तर तू!" यांनीही हसायचा इमोजी टाकला आणि बाथरूममध्ये जाऊन उलटी केली.

तरी माझ्याशी पहिलं वाक्य हेच की ताई, माझ्यामुळे कोणी मेलं-बिलं नाहीये हो, उगाच तुमचा वेळ घेतेय.

मी त्यावर वाद घातला नाही. तुम्हीही योद्ध्याच आहात वगैरे भाषा मला मुळीच पटत नाही, तिने माणूस आणखी गप्प होतो. मी एवढंच विचारलं की वर्षभरात तुमच्या अजेंड्यावर काय काय आलं. सांगायला लागल्या, घरात अडकलेल्यांना धान्याची पाकिटं, शाळकरी मुलांच्या जेवणाची कुपनं, तात्पुरतं शवागार, दफनभूमीच्या वेळा, दर महिन्याला मृत्यूंचा रिपोर्ट. तो नीट फॉरमॅट करून, तक्ते तपासून वेबसाइटवर टाकणाऱ्या ह्याच. सभेच्या सुरुवातीला गेलेल्यांसाठी एक मिनिट शांतता, त्या मिनिटाचं घड्याळही ह्यांच्याकडे, साठ सेकंद झाले की चेअरला चॅटवर "ओके" टाईप करायचं. म्हणजे सगळे मान खाली घालून उभे असताना ही बाई सेकंद मोजत होती. हे बोलून झाल्यावर त्या बराच वेळ रडल्या, वर्षभरात पहिल्यांदाच म्हणाल्या.

मग कामाला लागलो. ती क्लिप दिवसाउजेडी, सेशनमध्ये एकदाच एकत्र बघितली आणि काय दिसतं तेवढंच सांगायचं ठरलं. चेअरचा "म्यूट करा" हा आवाज त्यात स्पष्ट होता, रात्री एकटीने बघताना तो त्यांना ऐकूच येत नव्हता. रात्री बघणं बंद करायला तरी पुढे काही आठवडे गेलेच.

आणि खरं सांगू का, श्वासाचे व्यायाम मी शिकवते, पण एकटी बाई तीन स्क्रीन सांभाळत असेल तर दीर्घ श्वास घेऊन काय होणार? तिला दुसरं माणूस पाहिजे. म्हणून मॅनेजरला मेल लिहिला, रडगाणं नाही, फक्त मागण्या. सभेला दोघं हवेत, एक झूमवर, एक मिनिट्सवर. म्यूट चेअरने तोंडी सांगितल्यावरच होईल आणि हे चेअर सुरुवातीला वाचून दाखवतील. मेंबरच्या तक्रारीला उत्तर मॉनिटरिंग ऑफिसर (कौन्सिलमध्ये कायदा-नियम पाळले जातात का ते बघणारे अधिकारी) देतील, ह्या नाही. दुसरं माणूस आणि तक्रारीचं लगेच मान्य झालं, वाचून दाखवायला चेअर जरा कुरकुरले पण ऐकलं. शिवाय सभा संपली की कलीगबरोबर दहा मिनिटं फोन, कॅमेरा नाही, नोंद नाही, शिव्या अलाउड. संपूर्ण सभा तटस्थ चेहरा ठेवल्यावर तो चेहरा कुठेतरी उतरवायला लागतो.

एप्रिलमध्ये मात्र सगळं एकदम आलं. ६ मेला निवडणूक, दुसऱ्याच दिवशी ऑनलाइनचे नियम संपणार, २८ एप्रिलला हायकोर्टाने सांगितलं की जुन्या कायद्याप्रमाणे सभा समोरासमोरच, त्यामुळे निवडणुकीनंतर जुने मेंबर पायउतार झाले की २१ दिवसांत वार्षिक सभा स्पोर्ट्स हॉलमध्ये घ्यायची. आणि इकडे नाशिक. झाकिर हुसेन हॉस्पिटलमध्ये २१ एप्रिलला ऑक्सिजनची गळती झाली ती बातमी त्यांनी कमिटीच्या ब्रेकमध्ये वाचली, २३ ला भारत ब्रिटनच्या रेड लिस्टवर गेला, म्हणजे येणं-जाणं जवळपास बंद, त्याच आठवड्यात मामा गेले आणि वडील ऑक्सिजनवर. रजा मागितली का विचारलं तर म्हणे, ऐन इलेक्शनमध्ये कशी मागू?

"उद्या तुमचीच टेस्ट पॉझिटिव्ह आली तर हॉल कोण लावेल?"

"माझी कलीग लावेल की."

त्याच दिवशी रजा टाकली, रात्रंदिवस नाशिकला व्हिडिओ कॉलवर होत्या, वडील वाचले. हॉलचा फोटो मला नंतर दाखवला, खुर्च्या दोन-दोन मीटरवर, पण रांग वाकडी आली होती म्हणे, मी असते तर सरळ लावली असती.

तुमचंही असं काही असेल, म्हणजे दोन आठवडे झोप नाही, एकच प्रसंग डोक्यात फिरतोय, मिटिंगची रिंगटोन वाजली तरी पोटात गोळा येतो, तर कुणाला जास्त त्रास झाला याचा हिशोब करत बसू नका. इंग्लंडमध्ये असाल तर एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) टॉकिंग थेरपीसाठी जीपीच्या म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव देता येतं, बऱ्याच ऑफिसांत फुकट समुपदेशनाची सोय असते ती वापरा. भारतात टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीतही बोलतात.