समुद्रसपाटी वाढते का?

नागपूरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: "'मुंबईत समुद्रसपाटी वाढत आहे' असं एका बातमीत वाचलं. मग नागपूरची उंची आता कमी धरायची का? शिवाय आमच्याकडे बरेच जण 'समुद्रतळापासून उंची' असं लिहितात. समुद्रसपाटी, समुद्रपातळी आणि समुद्रतळ हे एकच की वेगळे?"

वेगळे. समुद्रतळाचं आधी उरकून घेऊ, कारण ती आपली खास नागपुरी भानगड आहे. हिंदीत 'समुद्र तल से ऊँचाई' हे रूढ आणि बरोबर आहे. आपण तो 'तल' उचलला, त्याच्या 'ल'चा 'ळ' केला आणि अर्थ बुडवला. संस्कृत 'तल' हा वरचा पृष्ठभागही असतो आणि खालचा भागही. मराठीत पृष्ठभागाचा अर्थ 'भूतल', 'पृथ्वीतल', 'करतल' अशा तत्सम शब्दांतच उरला. 'तळ' म्हणजे मात्र बूड. विहिरीने तळ गाठला, साखर तळाशी बसली. अरबी समुद्राचा तळ किनाऱ्यापासून लांबवर काही हजार मीटर खोल जातो. तिथून नागपूर ३१० मीटर उंच म्हटलं, तर सीताबर्डीचा किल्लासुद्धा माशांच्या ताब्यात जाईल. तेव्हा हा शब्द उंचीसाठी नको.

खरी गंमत सपाटी आणि पातळी यांच्यात आहे. दोघांसोबत कोणती क्रियापदं येतात ते बघा. पातळी वाढते, घटते, खालावते. गोदावरी धोक्याची पातळी ओलांडते. सभेत एखादा वक्ता पातळी सोडतो. म्हणजे पातळी ही हलणारी चीज. समुद्रसपाटी यातलं काही करत नाही. ती वाक्यात येते ती बहुतेक 'पासून', 'वर', 'खाली' यांच्या सोबतीनं. ती मोजायची वस्तू नाही, मोजणी जिथून सुरू होते ती जागा आहे. ताप चढला म्हणून थर्मामीटरचं शून्य वर सरकत नाही, तसंच. म्हणून 'समुद्रसपाटी वाढत आहे' हे वाक्य कानाला खटकतं, आणि कान बरोबर आहे.

आता हे शून्य आलं कुठून? नागपूरकरांना त्याची खूण लांब शोधायला नको. झीरो माइलचे चार घोडे आणि खांब सगळ्यांना माहीत आहेत. तिथेच 'जीटीएस', 'स्टँडर्ड बेंचमार्क' आणि १९०७ हे साल मिरवणारा दगडही आहे. जीटीएस म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, इंग्रजांच्या काळातली देशाची मोजणी. बेंचमार्क म्हणजे उंची नेमकी मोजून ठेवलेली पक्की खूण. त्या ठिकाणाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १०२० फूट. (तो देशाचा मध्यबिंदू आहे का, या वादात आज पडत नाही. विषय उंचीचा आहे.)

ही उंची किनाऱ्यावरून दुर्बीण आणि मोजपट्ट्या घेऊन, टप्प्याटप्प्याने, शेकडो मैल चालत आणलेली आहे. भारतातलं हे अचूक तलमापन १८५८ साली सुरू झालं आणि पहिलं जाळं १९०९ पर्यंत पुरं झालं. त्यासाठी नऊ बंदरांतली सरासरी समुद्रपातळी शून्य मानली: कराची, मुंबईचं अपोलो बंदर, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओडिशातलं फॉल्स पॉइंट. 'मानली' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. नऊही ठिकाणी समुद्र काटेकोरपणे एकाच उंचीवर नसतो. बंगालच्या उपसागरात मोठ्या नद्यांचं गोडं पाणी मिसळतं, ते हलकं असतं, त्यामुळे तिकडचा पृष्ठभाग अरबी समुद्रापेक्षा किंचित वर राहतो. तरी कुठेतरी रेघ ओढायची होती, ती ओढली. समुद्रसपाटीतली 'सपाटी' ही अशी माणसांनी ठरवलेली आहे. प्रत्यक्ष समुद्र सपाट कधी नसतोच.

मग पातळी मोजतात कशी? विदर्भात उधाण फक्त उत्साहाला येतं, त्यामुळे थोडं सविस्तर. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी भरती पाच मीटरच्या जवळपास जाते. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत तिचा जोर ओसरतो. शिवाय लाटा, वारा, पावसाळा. या गोंधळातून वर्षाला एखाद-दोन मिलिमीटरचा फरक ओळखायचा असतो. जुन्या भरतीमापक केंद्रात धक्क्याला लागून एक उभा नळ असे, त्याला खाली लहानसं भोक. लाटांचा धिंगाणा भोकाबाहेरच अडतो, भरती-ओहोटी मात्र सावकाश आत येते. आत तरंगता गोळा, त्याला जोडलेली लेखणी, आणि फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर वरखाली जाणारी रेघ. आता बऱ्याच ठिकाणी रडार वरूनच पाण्याचं अंतर मोजतं. तत्त्व तेच.

एवढं करून मिळते ती त्या तासाची पातळी. तासांची सरासरी दिवसाला, दिवसांची महिन्याला, महिन्यांची वर्षाला. तेवढंही पुरत नाही, कारण चंद्राच्या कक्षेचा कल १८.६ वर्षांच्या चक्रात बदलतो आणि भरतीचा आवाका त्यासोबत कमीजास्त होतो. म्हणून 'सरासरी समुद्रपातळी' म्हणताना साधारण १९ वर्षांच्या नोंदी धरण्याची पद्धत आहे, आणि पातळी वाढते आहे असं ठामपणे म्हणायला त्याहून कितीतरी लांब मालिका लागते. अपोलो बंदराच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. जगात अशा मालिका थोड्या, म्हणून मुंबईचं नाव या विषयात वारंवार येतं.

आता बातमीतल्या वाक्याची दुसरी खोच. धक्क्यावरचं यंत्र समुद्र मोजतं ते जमिनीच्या संदर्भात, जवळच्या पक्क्या खडकावरच्या किंवा बांधकामातल्या खुणेपासून. जमीन खचली तरी कागदावर समुद्र चढलेलाच दिसणार. हुगळीवरच्या डायमंड हार्बरला पातळीची वाढ मुंबईच्या कित्येक पट दिसते, आणि त्यात त्रिभुज प्रदेशाची गाळाची जमीन दबत जाण्याचा मोठा वाटा आहे. उलट स्टॉकहोमला समुद्र शतकानुशतके उतरताना दिसतो. हिमयुगातल्या बर्फाचं ओझं गेल्यावर तिथली जमीन अजून वर उचलली जाते आहे, तिचा वेग समुद्राच्या वाढीपेक्षा जास्त आहे. म्हणून केंद्राशेजारच्या खुणा पुन्हा पुन्हा तपासाव्या लागतात. १९९२ नंतर उपग्रह आले. ते पृथ्वीच्या केंद्राच्या हिशेबाने मोजतात, त्यामुळे जमिनीचं वरखाली होणं त्यात मिसळत नाही. ही झाली वेगळी पातळी, तिचा आकडा धक्क्यावरच्या आकड्याशी जुळलाच पाहिजे असं नाही.

तेव्हा नागपूरची उंची आहे तीच लिहा. शून्य बदलायचं झालं तर ते सर्व्हे ऑफ इंडिया बदलेल, समुद्र नाही. 'समुद्रपातळीपासून उंची' हे मी चूक म्हणणार नाही, पण रोज हलणाऱ्या गोष्टीपासून उंची सांगण्यापेक्षा 'समुद्रसपाटीपासून' मला नेमकं वाटतं. आणि बातमीतलं वाक्य मी असं लिहिलं असतं: 'मुंबईत समुद्राची पातळी किनाऱ्याच्या तुलनेत वाढत आहे.' 'किनाऱ्याच्या तुलनेत' हे शब्द उपसंपादक जागेअभावी कापायला बघेल. कापू देऊ नका.