नॅफ्थॅलीनच जास्त का निघतं?

प्रश्न: एमएस्सीच्या प्रकल्पात इंडोल आणि १-आयोडोनॅफ्थॅलीन, सोबत पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड, हे डीएमएसओ या द्रावकात घेऊन दिव्याखाली ठेवलं. ३-(१-नॅफ्थिल)इंडोल थोडंच मिळालं, जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफीत) नॅफ्थॅलीन मात्र भरपूर. अभिक्रिया एसआरएन१ मार्गानेच (रॅडिकलच्या साखळीतून होणाऱ्या प्रतिस्थापनानेच) झाली, हे कसं ठरवायचं?

उत्तर: नॅफ्थॅलीन दिसतंय त्याअर्थी नॅफ्थिल रॅडिकल (आयोडीन सुटल्यावर उरलेला, एकटा इलेक्ट्रॉन असलेला तुकडा) बहुधा बनतोय, इंडोलच्या ॲनायनला (बेसने प्रोटॉन काढल्यावर उरलेल्या ऋणभारित रूपाला) गाठण्याआधीच तो कुठून तरी हायड्रोजन ओढतोय. ॲनायन कमी पडला, की हेच होतं. आयोडाइड १ मिलिमोल (२५४ मिग्रॅ) असेल तर इंडोल ३ मिलिमोल (३५१ मिग्रॅ) घ्या, बेस (पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड) ३५० मिग्रॅ, डीएमएसओ १० मिली. बेस याहून फार वाढवू नका, नाहीतर अराइनची (बेसने आयोडीन आणि शेजारचा हायड्रोजन काढल्यावर बनणाऱ्या, वलयात तिहेरी बंध असलेल्या रेणूची) वाट उघडते. टीएचएफ, टोल्यूइन हे द्रावक नकोच; रॅडिकलला हायड्रोजन द्यायला ती दोन्ही तयारच बसलेली असतात.

नॅफ्थॅलीन नाही आणि आयोडाइड जसंच्या तसं परत आलं, तर संशय ऑक्सिजनवर घ्या. तो रॅडिकल गिळतो आणि साखळी तुटते. बेस टाकण्याआधी डीएमएसओतून २० मिनिटं नायट्रोजन सोडा. बेसची बाटली जुनी, आत गुठळ्या झालेल्या, असेल तर वापरू नका.

मार्ग ठरवायला एकाच दिवशी तीन फ्लास्क लावा: एक उजेडात, एक ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून, एक उजेडातच पण १७ मिग्रॅ मेटा-डायनायट्रोबेंझीन (इलेक्ट्रॉन हिसकावून साखळी रोखणारा पदार्थ) घालून. पहिला चालला आणि बाकीच्या दोन्हींत काहीच घडलं नाही, तर रॅडिकल साखळीच आहे. फॉइलमधल्या फ्लास्कातही उत्पादन आलं, तर २-नॅफ्थिल समघटक शोधा. तो अराइनची खूण. रॅडिकल जिथून आयोडीन सुटतं तिथेच जोडला जातो, जागा बदलत नाही. १९७० मध्ये बनेट आणि किम या रसायनशास्त्रज्ञांनी द्रव अमोनियात हाच धागा पकडला होता: आयोडीन वेगवेगळ्या जागी असलेल्या दोन समघटकांतून एकच अराइन, म्हणजे उत्पादनांचं प्रमाणही एकच यायला हवं होतं. ते आलं नाही. रॅडिकल पकडणारा पदार्थ घातल्यावर मात्र अराइनच्या हिशेबाकडे सरकलं.

शेवटी अमोनियम क्लोराइडचं द्रावण घालूनच एक्स्ट्रॅक्शनला घ्या, कारण फ्लास्कात उत्पादनही ॲनायन होऊन बसलेलं असतं. जास्तीचं इंडोल सोबत येणारच. ते वेगळं करायला कॉलम क्रोमॅटोग्राफी चुकत नाही.