तत्रैव, उनि आणि उताऱ्यातले अनुस्वार

प्रश्न असा आहे : संशोधनपर पुस्तकांच्या तळटिपांत ‘तत्रैव’ आणि ‘उनि’ असे शब्द येतात, त्यांत फरक काय? आणि जुन्या पुस्तकातला उतारा देताना त्यातले अनुस्वार काढून आजच्या नियमांप्रमाणे लिहायचे का?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. तत्र + एव = तत्रैव, म्हणजे ‘तिथेच’. लगेच आधीच्या टिपेत जो ग्रंथ आहे, तोच पुन्हा आला की ‘तत्रैव, पृ. ६०’ लिहायचे. काही लेखक याच जागी ‘कित्ता’ लिहितात. ‘उनि’ हा ‘उपरिनिर्दिष्ट’चा, म्हणजे ‘वर सांगितलेला’ याचा संक्षेप. मध्ये दुसऱ्या कुणाचा ग्रंथ येऊन गेला असेल तर नुसते ‘वर सांगितलेला’ म्हणून भागत नाही. म्हणून आधी लेखकाचे नाव, मग उनि, मग पृष्ठ. त्यामुळे एकाच्या जागी दुसरे चालणार नाही.

दोन्ही वापरताना धोका आहे. लेखाच्या दुसऱ्या खर्ड्यात मध्येच एक नवी टीप घातली, की तिच्याखालचे ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागते. एकाच लेखकाची दोन पुस्तके वापरली असतील तर ‘उनि’ म्हणजे त्यांतले कोणते, हे वाचकाला कळत नाही. मी तरी अशा ठिकाणी लेखकाचे आडनाव आणि पुस्तकाचे आटोपशीर नाव लिहा असेच सांगेन. चार अक्षरे जास्त जातील, पण वाचक नेमक्या पानावर पोचेल.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत याबद्दल स्वतंत्र नियमच आहे : केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे, त्यानंतरचे, खुद्द या दोघांचे लेखनही धरून, आजच्या नियमांप्रमाणे. म्हणजे लोकहितवादींच्या ‘शतपत्रां’तला उतारा जसाच्या तसा ठेवायचा आणि टिळकांच्या अग्रलेखातल्या ‘नाहीं’वरचा अनुस्वार काढायचा.

सर्वसामान्य वाचकांसाठी पुस्तके छापताना हा नियम सोयीचा आहे. अभ्यासपर लेखनात मात्र तो पुरत नाही, असे माझे ठाम मत आहे. चिपळूणकरांचे मासिक ‘निबंधमाला’ सुरू झाले १८७४ मध्ये. तीच सीमारेषा धरली, तर महात्मा फुल्यांची १८७३ ची ‘गुलामगिरी’ मुळाप्रमाणे राहील आणि त्यांनीच १८८३ मध्ये लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ नव्या नियमांत बसवावा लागेल. लेखक एकच, भाषा तीच. शिवाय ते अनुस्वार शोभेचे नव्हते. जुन्या लेखनात ‘ती’ म्हणजे एक स्त्रीलिंगी वस्तू, तर ‘तीं’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन. अनुस्वार काढला की ही खूण पुसली जाते. म्हणून अवतरणचिन्हांत जे येते ते अक्षरशः मूळचेच असावे. आजच्या लेखनात द्यायचे असेल तर ‘लेखन आजच्या नियमांप्रमाणे केले आहे’ हे एकदा स्पष्ट सांगावे.

मुळात चूक असेल तरी ती सुधारू नये. पुढे चौकटी कंसात [मूळ प्रतीत असेच] लिहावे. आपण घातलेला शब्दही चौकटी कंसातच, कारण गोल कंस मूळ लेखकाचाही असू शकतो. गाळलेल्या मजकुराच्या जागी तीन टिंबे द्यावीत. उताऱ्यातले शब्द आपण ठळक केले असतील तर ‘ठसा माझा’ असे सांगावे.

उतारा दुसऱ्याच्याच पुस्तकातून घेतला असेल, तर मूळ ग्रंथ पाहिल्याचा आव आणू नये. मूळ लेखकाचे नाव देऊन ‘अमुक ग्रंथात उद्धृत, पृ. अमुक’ लिहावे. (शब्द ‘उद्धृत’ आहे, उद् + हृत, ‘उध्दृत’ नव्हे.)

ज्ञानेश्वरी किंवा तुकोबांची गाथा यांसाठी पृष्ठांक निरुपयोगी. ज्ञानेश्वरीचा अध्याय आणि ओवी द्यावी, गाथेचा अभंग-क्रमांक, आणि प्रत कोणती तेही सांगावे, कारण प्रतीगणिक हे क्रमांक बदलतात. जुन्या पुस्तकावर नुसता शक छापलेला असेल तर तो तसाच ठेवून इसवी सन शेजारी चौकटी कंसात द्यावा : शके १८३१ [१९०९-१०]. शकात ७८ मिळवले की सन मिळतो, पण शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे त्याचे शेवटचे महिने पुढच्या सनात जातात. महिना माहीत नसेल तर असे जोडवर्षच लिहावे.