इंग्लंडमधल्या पणजोबांचं लग्न शोधताना: आधी पणजीचं माहेर काढा

तुमची अडचण अशी: यजमानांचे पणजोबा 1891 च्या जनगणनेत बोल्टनला (लँकशर परगण्यातलं शहर) अविवाहित, 1901 मध्ये बायको आणि आठ वर्षांची मुलगी, आणि मधल्या काळात त्याच नावाच्या माणसांची अकरा लग्नं सरकारी विवाहसूचीत. अकराही दाखले मागवू नका, एकेकाला साडेबारा पौंड पडतात. नवरदेव बाजूला ठेवून मुलीपासून सुरुवात करा.

1901 ची जनगणना 31 मार्चच्या रात्रीची. वय खरं धरलं तर मुलीचा जन्म एप्रिल 1892 ते मार्च 1893 मधला. जन्म नोंदवायला 42 दिवसांची मुदत असे, म्हणून जून 1893 ची तिमाहीही (म्हणजे एप्रिल ते जून) बघा. हा शोध जनरल रजिस्टर ऑफिसच्या (जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी ठेवणारं सरकारी कार्यालय) संकेतस्थळावरच घ्या (खातं उघडलं की फुकट). जुन्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव सप्टेंबर 1911 च्या तिमाहीपासून येतं. ऑफिसने नव्याने केलेल्या सूचीत ते थेट 1837 पासून आहे. धाकट्या भावंडांचेही जन्म काढा, सगळ्यांपुढे तेच आडनाव आलं की निर्धास्त. ती जागा कोरी असेल तर बहुधा मूल लग्नाआधीचं, म्हणजे लग्न पुढच्या वर्षांतही शोधायचं.

आता फ्रीबीएमडी (जुनी सूची फुकट शोधता येणारं संकेतस्थळ), कारण ऑफिसच्या या नव्या सूचीत लग्नं नाहीत. लग्नाच्या सूचीत जोडीदाराचं आडनाव मार्च 1912 च्या तिमाहीपासून छापू लागले. त्याआधी वर आणि वधू आपापल्या आडनावाखाली वेगवेगळे सापडतात. दोघांना जोडणारा धागा म्हणजे तिमाही, जिल्हा आणि नोंदवहीचा खंड व पान. पणजोबांच्या नोंदीतल्या पान क्रमांकावर टिचकी मारली की त्या पानावरची सगळी नावं दिसतात. एका पानावर दोन-चार जोडपी असतात. त्यात पणजीचं पहिलं नाव आणि माहेरचं आडनाव दोन्ही असलं तरच ते पान आपलं. नुसती ‘मेरी’ दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. लँकशरमध्ये मेरींना तोटा नव्हता.

पडताळा 1911 च्या जनगणनेत मिळतो. तिथे विवाहित स्त्रीला लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती हयात आहेत असं विचारलं होतं. विधवा-विधुरांनी उगाचच भरलेली उत्तरं कारकुनाने खोडली, पण खोडाखाली ती बहुतेक वेळा वाचता येतात, तेव्हा मूळ कागदाची प्रतिमा पाहाच. फक्त वर्षांच्या आकड्यावर फार विसंबू नका. थोरलं मूल लग्नाआधीचं किंवा लगेचचं असलं की लोक एखाद-दोन वर्षं बेधडक वाढवून सांगत.

एवढं करूनही जोडी जुळत नसेल तर पहिला संशय पणजीच्या आधीच्या लग्नाचा घ्या. विधवा बाई पहिल्या नवऱ्याच्या आडनावाने लग्न करी, आणि जन्माच्या सूचीत मात्र माहेरचं आडनाव येई. मुलीचा जन्मदाखला मागवला तर त्यात दोन्ही आडनावं असू शकतात. दुसरी शक्यता, लग्न कायद्यात बसत नव्हतं. मृत पत्नीच्या बहिणीशी लग्न इंग्लंडमध्ये 1907 पर्यंत अवैध होतं आणि घटस्फोट गरिबाच्या आवाक्याबाहेर, त्यामुळे नवरा-बायको म्हणून नांदणारी पण नोंद नसलेली कुटुंबं पुष्कळ.

कधी लग्न झालेलं असतं, मध्यवर्ती सूचीतच ते उतरलेलं नसतं. चर्चकडून दर तिमाहीला नकला जात. एखादी गळे, एखादं आडनाव चुकीचं उतरे. म्हणून लँकशर बीएमडी ही संकेतस्थळावरची सूची पाहा. ती स्थानिक नोंदवह्यांवरून केलेली आहे आणि लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं तेही सांगते. चर्च कळलं की लँकशर ऑनलाइन पॅरिश क्लर्क्स या संकेतस्थळावर चर्चच्या वहीचा उतारा फुकट मिळण्याची शक्यता असते, मग दाखल्याचे पैसेही वाचतात. मात्र मध्यवर्ती सूचीतला खंड-पान क्रमांक स्थानिक कार्यालयाला देऊन उपयोग नाही, त्यांचे क्रमांक वेगळे असतात.

दाखला हाती आला की ‘सज्ञान’ एवढंच लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ 21 किंवा जास्त, नेमकं वय नव्हे. वडिलांच्या नावापुढे ‘मृत’ नसलं म्हणून ते हयात होते असंही धरू नका. त्यांचा व्यवसाय मात्र टिपून ठेवा: 1881 च्या जनगणनेत पणजीचं माहेरचं घर त्याच खुणेने ओळखता येईल.